भाऊ लहानपणच्या 'त्या' रात्रीवर रॅप करतोय, थांबवायचं का?

प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ अठरा वर्षांचा आहे. तो आठ वर्षांचा असताना भर पावसाळ्यात रात्री त्यांच्या डोंगराखालच्या वस्तीवर दरड आली, वडील गेले, हा चार-पाच तास पत्रा आणि मातीखाली होता आणि जिवंत निघाला. आता तो रॅप करतो, एफवायला कॉलेज सोडलंय, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाईलवर लिहीत बसतो. त्या रात्रीवर त्याने एक ट्रॅक बनवलाय आणि सुरुवातीला न्यूज चॅनलच्या जुन्या क्लिपमधलं आईचं रडणं टाकलंय. आई म्हणते हे रडगाणं बंद कर, तो म्हणतो माझी स्टोरी आहे, मीच सांगणार. ताई विचारतायत, थांबवू का, की हेच त्याचं औषध आहे?

मी डोंबिवलीकडे एक छोटा स्टुडिओ चालवतो, बरीच वर्षं झाली. पूर्वी भजनी मंडळं आणि वाद्यवृंदवाले यायचे, आता निम्म्याहून जास्त पोरं रॅपवाली असतात. एका समुपदेशक मैत्रिणीसोबत वस्तीतल्या पोरांचे लिहायचे वर्गही घेतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माइकबद्दल जे सांगेन ते माझं आणि मनाबद्दल जे सांगेन ते तिच्या शेजारी बसून शिकलेलं, असं समजून वाचा.

ताई, सरळ उत्तर असं की लिहिणं थांबवू नका, अपलोड थांबवा. लिहिणं, रेकॉर्ड करणं, लोकांपुढे टाकणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. तुमच्या घरात भांडण होतंय कारण तिघंही जण तिन्हींना एकच धरून चाललेत. भावाला वाटतं लिहिलं म्हणजे टाकायलाच पाहिजे, आईला वाटतं टाकायचं नसेल तर लिहायचंच कशाला.

लिहिण्याने फायदा होतो ही नुसती सांगोवांगी नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत कॉलेजच्या ४६ मुलांवर एक प्रयोग केला होता. ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगावर लिहायचं आणि बाकीच्यांनी कुठल्यातरी फालतू विषयावर. ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहिलं ती मुलं लिहून झाल्या झाल्या जास्त उदास होती, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले, फायदा दिसला पण तो छोटाच, म्हणजे जादू वगैरे काही नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट यात अशी की त्या मुलांनी ते कुणाला वाचून दाखवायला लिहिलेलं नव्हतं. ना लाइक, ना कमेंट, ना व्ह्यूज. जो काय फायदा झाला तो कागदावर उतरवण्याचा, पब्लिकचा नाही. त्यामुळे भाऊ रात्री लिहून उठला की गप्प गप्प असतो, जेवत नाही, असं तुम्ही लिहिलंय ते काही तास असेल तर घाबरू नका. दोन दिवस तसाच राहत असेल तर मात्र लक्ष द्या.

आता 'रॅप हीच थेरपी' हे वाक्य पोरांच्या तोंडात सारखं असतं, ते मला पटत नाही. अमेरिकन रॅपर डीएमएक्स घ्या. लहानपणी घरात मारहाण, मग सुधारगृहं, चौदाव्या वर्षी ज्याला गुरू मानत होता त्यानेच न सांगता क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) मिसळलेली गांजाची सिगारेट ओढायला दिली, हे सगळं त्याने स्वतः जाहीर सांगितलंय. गाण्यांत त्याने काहीच लपवलं नाही, स्टेजवर रडायचा, प्रार्थना म्हणायचा, हजारो लोक त्याच्याबरोबर रडायचे, पहिले पाचही अल्बम अमेरिकेच्या चार्टवर थेट एक नंबरला. आणि एप्रिल २०२१ मध्ये कोकेनमुळे आलेल्या हार्ट अटॅकने पन्नाशीत गेला. गाण्याने त्याला बरंच काही दिलं असेल पण बरं केलं नाही. त्यामुळे ट्रॅक झाला म्हणजे विषय संपला असं घरात कुणीही धरू नये, भावाने तर नाहीच.

तुमच्या प्रश्नात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. स्टुडिओत गेला की दोन टेकनंतर घाम फुटतो, चिडतो, पैसे फुकट घालवून घरी येतो. अहो, तो स्टुडिओ कसा आहे ते बघा की एकदा! स्वस्तातला बूथ म्हणजे चार बाय चारची खोली, चारी बाजूंनी काळा फोम, दार बंद, हवा बंद, कानावर बंदिस्त हेडफोन म्हणजे बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि अंधार कारण पोरांना 'व्हाइब' पाहिजे असतो. जो मुलगा आठव्या वर्षी काही तास मातीखाली अडकून होता त्याला तुम्ही त्यात उभं करताय आणि वरून त्या रात्रीबद्दलच बोलायला सांगताय. त्याला कदाचित कळतही नसेल की आपण का चिडतोय. डोकं विसरलं तरी शरीर विसरत नाही, बंद जागा, मातीचा वास, विशिष्ट आवाज, यातलं काहीही आलं की आतला भोंगा वाजतो. आणि मग बाहेर बसलेला इंजिनियर म्हणतो की भाई फील नाही येत, परत घे.

माझ्याकडे असा मुलगा आला तर मी बूथ वापरतच नाही. मोठ्या खोलीत, दार उघडं, लाइट चालू. कन्डेन्सर माइक खोलीतला सगळा आवाज ओढतो म्हणून त्याच्याऐवजी स्टेजवर असतो तसला साधा डायनॅमिक माइक, तोंडाजवळ धरायचा, मागे भिंतीला एक गादी उभी करायची, झालं काम. फॅनचा थोडा आवाज येतो, येऊ दे. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. मुंबईचा रॅपर नेझी, त्याने २०१४ ला कुर्ल्यात आयपॅडवर गाणं रेकॉर्ड करून, त्यावरच व्हिडिओ शूट करून टाकलं होतं आणि त्याने मुंबईच्या रॅपला रस्ता दाखवला, तेव्हा बूथ नाही म्हणून गाणं होत नाही हे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. टेक छोटे घ्यायचे, चार-चार बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा), पंच-इन करत, म्हणजे मधूनच पुढचा तुकडा जोडत. कडक वर्स, म्हणजे कडवं, पूर्ण म्हणायला लावायचा, मग परत, मग परत, 'अजून दर्द पाहिजे' म्हणत तीस वेळा त्याच मातीत ढकलायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. आणि सेशन कधीच त्या वर्सवर संपवायचं नाही, तो झाला की एखादा टाइमपास फ्रीस्टाइल (आयत्या वेळी सुचेल तसा) घ्यायचा, लोकलच्या गर्दीवर, वडापाववर, कशावरही, हसत बाहेर पडला पाहिजे.

बीटचंही बघा. तुम्ही लिहिलंय की बीटमध्ये विजांचा कडकडाट आणि पाऊस टाकलाय. आणि खाली ८०८ चा, म्हणजे ड्रम मशीनचा खोल घुमणारा, बेस असणार, हल्ली असतोच. तो बेस मोठ्या स्पीकरवर कानापेक्षा छातीत जास्त वाजतो, आणि दरड खाली येताना लोकांनी सांगितलेला आवाज जवळपास तसाच असतो, खालून आलेली घरघर. त्याला स्वतःला पाहिजे असेल तर ठेवू दे, पण प्रोड्युसरने 'मूड'साठी टाकलं असेल तर काढायला सांगा. पाऊस काढून नुसता ड्रम आणि एक साधी धून ठेवून ऐकवा, बहुतेक वेळा गाणंही सुधारतं.

लिहिण्याकडे येतो, कारण इथे मला खरं बोलायचंय. नव्या पोरांचा पहिला ड्राफ्ट कसा असतो? अंधार, दर्द, नसीब, जख्म, दुनिया मतलबी. दहा पोरांच्या वह्या अदलाबदल केल्या तरी कळणार नाही कुणाची कुठली. भावाच्या ज्या ओळी तुम्ही पाठवल्यात त्यातल्या बऱ्याच तशाच आहेत, राग मानू नका. पण मध्येच एक गोष्ट आहे की सकाळी लोकांनी खणलं तेव्हा घरातलं पहिलं काय सापडलं तर चहाचा टोप. हे फक्त त्याचं आहे! मी असतो तर सांगितलं असतं की बाकी सगळं खोड, इथून सुरू कर. म्हणजे उदाहरणार्थ, हे आत्ता मी जुळवलंय, त्याने स्वतःचं लिहावं:

पत्र्यावर धो धो, आई म्हणाली झोप,
सकाळी चिखलात हाताला लागला चहाचा टोप.

यात दुःख, अंधार, नशीब एकही शब्द नाही, तरी ऐकणारा थांबतो. आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीनेही हे बरं असतं, कारण 'दर्द' हा शब्द लिहिताना माणूस सगळ्या दर्दात बुडतो, टोपाबद्दल लिहिताना हातात धरायला टोप असतो. बारचा हिशोबही मदत करतो. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटवर सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. त्या रात्री त्याला माहीत नव्हतं हे कधी संपणार, इथे त्याला माहीत असतं, ४३ सेकंदांनी हुक, म्हणजे धृपद, येणार, श्वास घ्यायला मिळणार. माझी समुपदेशक मैत्रीण म्हणते की याच कारणाने काही पोरं साधं बोलताना अडकतात पण मीटरमध्ये बांधलेलं सहज म्हणतात. मी हे स्वतः पाहिलेलं आहे, तोतरं बोलणारा पोरगा बीट सुरू झाला की सुटतो.

अजून एक युक्ती, दुसऱ्याच्या तोंडून लिहायची. अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारने सांगितलंय की त्याच्या गावात, कॉम्प्टनमध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी त्याने डोळ्यांसमोर माणसाचा खून होताना पाहिला, आणि त्याची कितीतरी गाणी बघा, तो स्वतः बोलतच नाही, मेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडून बोलतो, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बोलतो. २०१८ ला संगीताचं पुलित्झर मिळालं त्याला. तुमच्या भावाला सांगा, एक वर्स त्या फायर ब्रिगेडवाल्याच्या तोंडून लिही ज्याने तुला बाहेर काढलं. त्याला काय दिसलं असेल, त्याचे हात कुठे लागले, घरी जाऊन त्याने पोरांना काय सांगितलं. मातीखालच्या मुलाला बाहेरून बघता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि तो हिंदीत लिहितो म्हणून आईला राग आहे असं दिसतंय, तो नका धरू. एक तर मुंबईचा सीन जास्त बंबैया हिंदीतच चालतो, मराठी रॅप आता कुठे जोर धरतंय. दुसरं म्हणजे त्या रात्री घरात जे बोललं गेलं ते मराठीत होतं, त्यामुळे हिंदीत लिहिताना त्याला थोडं लांब उभं राहता येत असेल. मराठीत यायचं तेव्हा आपोआप येईल.

आता आई. इथे मी भावाच्या बाजूने नाही.

मातीखाली तो होता, ती गोष्ट त्याची आहे, त्यावर त्याने काय लिहावं हे आईनेही सांगू नये. पण ते रडणं आईचं आहे. चॅनलवाल्याने त्या सकाळी तिच्या तोंडासमोर माइक धरला तेव्हा तिला विचारलं नव्हतं, पोराने तरी विचारावं. तो म्हणेल की क्लिप तर यूट्यूबवर आहेच, सगळ्या जगाने पाहिलीय. असू दे, मुलाने ती उचलून बीटवर लूप करणं वेगळं. आणि वडील हे तिघांचे आहेत, त्यांच्याबद्दलच्या ओळींवर तिघांचं थोडं थोडं चालणार. तुम्ही मध्ये पडून एवढं करा की आईला ट्रॅक ऐकवू नका, ओळी कागदावर लिहून घ्या आणि दिवसा, कामं आवरल्यावर, तुम्ही वाचून दाखवा, बीटशिवाय, भाऊ समोर नसताना. कुठली ओळ नको ते तिला दाखवू दे. माझा अनुभव असा आहे की आया सगळं नको म्हणत नाहीत, दोन-तीन जागा असतात, बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्या नसतातच. कुणाला तरी शेवटचं काय बोललो होतो, ती ओळ नको असते. त्या ओळी गेल्या तर गाणं मरत नाही. आणि 'विसर आता ते सगळं' हे वाक्य घरात बंद करा, विसरता आलं असतं तर त्याने केव्हाच केलं असतं.

अपलोड का थांबवा म्हणतो, तर त्याला तीन कारणं दिसतायत मला आणि तिन्ही त्याला समोर बसवून सांगता येतील अशी आहेत. एक, तो जुलैमध्ये, वडिलांच्या तारखेलाच टाकायचं म्हणतोय. त्या दिवशी तो वर्षातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असणार आणि त्याच दिवशी मोबाईल हातात घेऊन कमेंट वाचत बसणार, 'सिम्पथी कार्ड', 'फेक स्टोरी', हे लिहिणारे चार तरी जण येतातच. टाकायचंच तर हिवाळ्यात टाक म्हणावं. दुसरं, हा रॅप आहे. सायफरमध्ये (गोल करून आळीपाळीने रॅप करतात तिथे), बॅटलमध्ये समोरचा तुझ्याबद्दल जे माहीत असेल ते वापरणार, तिथे तसाच नियम आहे, बाप, आई, काहीही सुटत नाही. आज टाकलंस तर उद्या कुठलातरी पोरगा तुझ्या बापाच्या मरणावर पंचलाइन मारणार आणि पब्लिक ओरडणार. तेव्हा तुला हसून पुढचा बार म्हणता येईल का? येत असेल तर टाक, येत नसेल तर अजून वेळ आहे. आणि तिसरं म्हणजे गाणं एकदा चाललं की ते दर शोला म्हणावं लागतं, आणि लोक तेच मागतात. रेकॉर्ड एकदा होतं, स्टेजवर ती रात्र प्रत्येक वेळी. शिवाय रिअ‍ॅलिटी शोवाले आणि लेबलची माणसं गाण्याआधी बॅकस्टोरी विचारतात, घरी येऊन आईच्या खोलीत कॅमेरा लावतात, आणि मग पोरगा 'दरडवाला' म्हणून ओळखला जातो. त्याने मग मस्तीचं गाणं केलं तर कुणाला नको असतं. म्हणून पहिला ट्रॅक हा नसावा असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चार-पाच गाणी दुसऱ्या कशावर तरी येऊ द्या, त्याचा आवाज, त्याचा फ्लो, त्याची कॉमेडी लोकांना माहीत होऊ दे, तुम्हीच म्हणता तो घरात नकला भारी करतो, मग ते कुठाय गाण्यात?

कॉलेजचं मी फार बोलणार नाही. रॅपमुळे सुटलं असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं झोपेमुळे सुटलं. रात्रभर जागणारा मुलगा सातच्या लेक्चरला कसा बसेल.

आणि झोपेचं हे रॅपने सुटणार नाही. पाऊस पत्र्यावर सुरू झाला की उठून बसतो, दाराजवळच झोपतो, फटाका वाजला की दचकतो, दहा वर्षांनंतरही, हे तुम्ही लिहिलंय ते सगळं आघाताचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी असते (विचार आणि वागणं बदलायची थेरपी), ईएमडीआर असतं (डोळ्यांच्या हालचाली वापरून करतात ती थेरपी), नुसतं 'बोलून मोकळा हो' असं नसतं ते, पायरी पायरीने करतात, आणि ज्याने ते शिकलंय त्याच्याकडेच जावं. खाजगी परवडत नसेल तर सायन, केईएम, नायरला मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपरच्या पैशात होतं. पहिलं पाऊल म्हणून टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जाताना त्याला त्याची वही न्यायला सांगा, समोर बसून बोलायला जमलं नाही तर वाचून दाखवता येतं. तो म्हणेल मी बरा झालो तर लिहिणार काय, हे सगळेच म्हणतात. नीट झोपलेला माणूस जास्त चांगलं लिहितो, एवढंच सांगा.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. त्याच्या वहीत 'बाबांच्या जागी मी पाहिजे होतो' अशी ओळ आहे असं तुम्ही म्हणता. वाचलेल्या माणसाला असं वाटणं नेहमीचं आहे, पण ती फक्त ओळ आहे की तो खरंच तसा विचार करतो हे त्याला सरळ विचारा, मरायचा विचार येतो का, याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट हलकं होतं. हो म्हणाला तर त्याच दिवशी फोन करा नाहीतर हॉस्पिटल गाठा, गाणं वगैरे नंतर. झोप यावी म्हणून काही ओढायला लागलाय का तेही बघा.

हे वाचणाऱ्या बाकीच्या पोरांसाठी एक, ही दरडीची गोष्ट आहे म्हणून मी गाण्यावर बोलतोय. तुमच्यासोबत लहानपणी लैंगिक अत्याचार झाला असेल तर गाण्यात कुणाचं नाव टाकायच्या आधी वकिलाशी किंवा संस्थेशी बोला, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, पीडित मुलाची ओळख उघड करण्याबद्दल कडक नियम आहेत, आणि वय अठराच्या आत असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.

शेवटी कामाचं. ती न्यूजची क्लिप चॅनलच्या मालकीची आहे, आईने हो म्हटलं तरी यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो, त्यामुळे इंट्रो तशीही बदलावीच लागेल. तुम्ही स्वतः दोन ओळी बोलून बघा त्या जागी, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं. बीट कुठून घेतलाय ते विचारा. यूट्यूबवर 'फ्री' लिहिलेले बरेच बीट फक्त कमाई न करता वापरायला फ्री असतात, पैसे मिळवायचे तर लीज, म्हणजे वापरायचा परवाना, घ्यावं लागतं आणि त्याची पावती जपून ठेवावी लागते. आणि 'आमच्या लेबलवरून रिलीज करतो, वीस हजार भरा' असं कुणी म्हणत असेल तर एक रुपया देऊ नका, सगळ्या ॲपवर गाणं टाकायला डिस्ट्रिब्युटरचे वर्षाचे हजार-दोन हजार पुरतात. कागदावर सही मागितली तर आधी मला फोटो पाठवा.